साठ हजारांनी श्रीमंत

८ जुलै

हिराबायच्या ब्लाउजची डावी बाही उलटी लावली. उसवली. परत लावली, परत उलटीच. शेवटी मशीन बंद करून उठले.

सकाळी तन्वीच्या मोबाइलवर उत्पन्नाचा दाखला आला. वार्षिक उत्पन्न रुपये आठ लाख साठ हजार फक्त. फक्त म्हणे! मर्यादा आठ लाखांची. आठच्या आत असाल तर मुलीची कॉलेजची शिकवणी फी सगळी माफ, वर गेलात तर एक पैसा नाही. म्हणजे आम्ही साठ हजारांनी श्रीमंत.

तन्वीला बी. फार्म. करायचंय. सीईटीला छान मार्क पडलेत पोरीला. प्रायव्हेट कॉलेजची फी वर्षाला लाखाच्या पुढे, आणि अशी चार वर्षं. माफी मिळाली तर फार्मसी, नाही मिळाली तर साधं बी.एस्सी., असं घरात ठरलंय. ठरलंय म्हणजे मी आणि वि.ने ठरवलंय. तिने नुसती मान हलवली.

वि. म्हणजे विलास. समोर अहो म्हणते, लिहिताना वि. पुरतो.

त्याला दाखला दाखवला तर म्हणतो, "अरे वा, लाखात आलो की." लाटणं हातात होतं माझ्या. नशीब त्याचं.

९ जुलै

चूक सरकारची असती तर चार शिव्या तरी घालता आल्या असत्या. आमचीच आहे.

दोन वर्षांपूर्वी नालासोपाऱ्याची भाड्याची खोली सोडली आणि विरारला हा फ्लॅट घेतला. वि. एसी-फ्रिज रिपेअर करतो. उन्हाळ्यात जेवायला फुरसत नाही, पावसाळ्यात माश्या मारायच्या. असल्या माणसाला बँक दारात उभं करत नाही. तेव्हा बिल्डरच्या ऑफिसात नरूभाऊ बसायचे. ते म्हणाले, "वहिनी, सगळे असंच करतात. तीन वर्षांचे रिटर्न जरा फुगवून भरायचे. थोडा टॅक्स जाईल, पण घर होईल ना." आणि खरंच सगळे तसंच करतात, आमच्या मजल्यावरच दोघं आहेत. आम्ही भरले. टॅक्सही भरला. घर झालं. वास्तुशांतीला मी श्रीखंड केलं होतं आणि नरूभाऊंना आग्रह करकरून वाढलं होतं.

मग सीए म्हणाला, एकदम खाली येऊ नका, नोटीस येईल. दरवर्षी एकेक पायरी उतरा. तर मागच्या वर्षी आम्ही आठ साठच्या पायरीवर उभे होतो.

खरी कमाई किती? मला माहीत नाही. वीस वर्षं झाली लग्नाला आणि मला माहीत नाही. वि. धंद्याचं घरात काढत नाही. घरखर्चाचे महिन्याला हातात देतो, फ्लॅटचा हप्ता त्याच्या खात्यातून जातो, शिलाईचं माझं मी बघते. पण आठ साठ नाही, एवढं देवाशपथ सांगते.

११ जुलै

वसईला तहसीलमध्ये जाऊन आले. दोन तास रांग. खिडकीत एक तरणी मुलगी. म्हणाली, "ताई, हा आकडा आम्ही नाही टाकला. तुमच्या मिस्टरांनी सही करून टॅक्सवाल्यांना दिलाय."

मी म्हटलं, "अहो, तो खोटा आहे!"

मागची सगळी रांग हसली. जीभ चावली मी. ती मुलगीही हसली, पण चांगली होती. आवाज खाली करून म्हणाली, "यंदाचं रिटर्न अजून भरायचंय ना? जे आहे ते भरा. ते लावून नवीन अर्ज करा. चौकशी लागेल, पण काम होतं."

एवढंच! बसमध्ये मी एकटीच हसत होते. शेजारच्या बाईने जरा सरकून घेतलं.

१४ जुलै

एवढंच नव्हतं.

वि.चं दुकान म्हणजे भाड्याचा गाळा. मालक तो विकायला काढतोय. वि.ला पहिलं विचारलंय त्यांनी, चांगुलपणा म्हणून. बँक कर्ज द्यायला तयार आहे. कशाच्या जोरावर? त्याच फुगवलेल्या रिटर्नच्या. आणि यंदाचंही तसंच पाहिजे, तरच. हे सगळं महिनाभर चाललंय आणि मला आज कळतंय, जेवताना, भातावर वरण घेता घेता.

मोठा आकडा भरला तर दुकान. छोटा भरला तर पोरीची फी.

वि. म्हणतो, "गाळा माझा झाला तर तिची चारही वर्षांची फी मी भरेन."

"कुठून? पावसाळ्यात?"

"तू नेहमी पावसाळाच काढतेस."

"पाऊस मी पाडत नाही!"

मग जे व्हायचं ते झालं. तन्वी ताट उचलून आत गेली. मला तिचा राग आला, मग स्वतःचा, मग बिचाऱ्या वरणाचा पण. सगळं तसंच राहिलं पातेल्यात.

१९ जुलै

नरूभाऊ सापडले. हल्ली तहसीलजवळ एका झेरॉक्सच्या दुकानात टेबल टाकून बसतात. केस काळे केलेत. मला ओळखलं, चहा मागवला. सगळं ऐकून घेतलं आणि काय हसले!

"वहिनी, एवढं टेन्शन? बँकेला एक आकडा, दाखल्याला एक. तेव्हा वाढवला पण मीच, आता उतरवतो पण मीच."

"कितीवर उतरवाल?"

"एक लाख वीस. सगळ्यांना तेवढाच टाकतो. हात बसलाय."

मी म्हटलं, एक लाख वीसमध्ये फ्लॅट घेऊन कोण राहतं हो? म्हणाले, कागदावर राहायचंय, विरारमध्ये नाही.

दोन हजार दिले त्यांना. वि.ने नाही, मी दिले. शिलाईच्या डब्यातले. येताना पायाला भिंगरी लागल्यासारखी आले. दुकान पण राहील, फी पण माफ होईल. डोकं लागतं, म्हटलं मनात. फार हुशार समजले मी मला.

२० जुलै, रविवार

तन्वीला सांगितलं. वाटलं गळ्यात पडेल. ती म्हणाली, "आई, अर्जाच्या खाली सही कुणाची आहे?"

"तुझी आणि बाबांची."

"मी अठरा पूर्ण केलीत. खोटं निघालं तर सगळी फी वसूल करतात, वर केस. आमच्या क्लासमधल्या एकीच्या बहिणीची डिग्री अडकलीय. मी नाही करणार."

"अगं, सगळे करतात."

"सगळ्यांनी केलं म्हणूनच तर आपण आठ साठवर बसलोय ना, यार!"

आईला यार. 

मग ती वि.कडे वळली. शांतपणे, ओरडून नाही. "बाबा, आठ साठ खोटं. एक वीस पण खोटं. खरं किती आहे?"

वि. मोबाइलमध्ये बघत होता. म्हणाला, "धंद्याचं असं सांगता येत नाही बाळा."

"अंदाजे?"

तो उठला, चपला घातल्या आणि गेला. रविवारी दुकान बंद. कुठे गेला देव जाणे. तीन तासांनी आला, येताना पाव घेऊन आला. पाव घरात होते.

२३ जुलै

कुणी कुणाशी बोलत नाही. मिक्सर बोलतो तेवढाच.

हिराबाय आली ब्लाउज न्यायला. अर्नाळ्याची ती, सुकी मासळी विकते, नालासोपाऱ्याच्या खोलीपासूनची, बारा वर्षांची गिऱ्हाईक. घालून बघितला आणि म्हणाली, "काय गो बाय, ही बाही हाय का पिशवी? लक्ष खय हाय तुजा?" मी म्हटलं, पोरीच्या कॉलेजचं चाललंय. "मंग शिकव ना पोरीला. कोन अडवतंय?"

कोण अडवतंय! त्याचंच उत्तर शोधतेय गं बाई.

२५ जुलै

नरूभाऊंकडे पैसे परत मागायला गेले. म्हणाले, फाइल पुढे गेली. मी म्हटलं, फाइल पुढे गेली असेल तर मी पण पुढे जाते, तहसीलदारांच्या केबिनपर्यंत. दुकानातली चार माणसं बघायला लागली. दीड हजार काढून ठेवले टेबलावर. पाचशे झेरॉक्सचे म्हणे. पाचशेच्या झेरॉक्समध्ये अख्ख्या बिल्डिंगचा सातबारा निघेल. भांडले, पण नाही दिले मेल्याने.

घरी येऊन वि.ला म्हटलं, तुमच्या हातात आहे आता. काय करायचं ते करा, मी बोलणार नाही.

बोलले नाही. चार वेळा तोंडावर आलं, गिळलं.

३० जुलै

वि.ने रिटर्न भरलं. खरं.

मला कसं कळलं, तर संध्याकाळी आला आणि स्टूलवर बसून बूट काढता काढता म्हणाला, "गाळ्याच्या मालकांना नाही म्हणून सांगितलं. दिवाळीपर्यंत खाली करून देतो बोललो."

 मी विचारलं, किती भरलंत?

"आठच्या खाली आहे. तुला काय करायचंय?"

सीए चिडलाय म्हणे. एवढा एकदम खाली? म्हणाला, जिना सोडून खिडकीतून उडी मारलीत. नोटीस आली तर माझ्याकडे येऊ नका.

सोळा वर्षं त्या गाळ्यात बसला हा माणूस. त्याच्या पाठीवर हात ठेवावा असं फार वाटलं. ठेवला नाही. भाकऱ्या थापत होते, हात पिठाचे होते. ते काही खरं कारण नाही.

७ ऑगस्ट

नव्या दाखल्याचा अर्ज वि. स्वतः जाऊन भरून आला. कागद त्याच्याच पिशवीत. पिशवी कपाटावर. बघितली नाही. बघावीशी वाटली.

स्टेटस: प्रलंबित.

१३ ऑगस्ट

प्रलंबित. दिवसातून किती वेळा बघते ते लिहीत नाही, लाज वाटते. काल कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायच्या आत दोनदा बघितलं. तन्वी म्हणते, आई, तू बघितलंस म्हणून तो लवकर येणार नाही. माहितीये गं. हात जातो.

२२ ऑगस्ट

लागला नंबर! पहिल्याच यादीत. कॉलेज पण घरापासून तासाभरावर, बस जाते. हॉस्टेल नको, काही नको. तन्वी ओरडली नाही, उड्या मारल्या नाहीत, न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून रडली. मला ऐकू आलंच. मी बाहेर उभी राहून रडले. वि. म्हणाला, "दोघी रडताय काय, पेढे आणू की नको?"

आणले. बिल्डिंगमध्ये नाही वाटले. दाखला आला की वाटू.

२५ ऑगस्ट

कॉलेजचं ऑफिस. खिडकीतल्या सरांनी पहिलं वाक्य काय टाकलं? "पूर्ण फी भरा, माफीचं सरकारकडून आलं की परत करू."

मी म्हटलं, नियम तसा नाही. मोबाइलवर नियम काढून ठेवला होता तन्वीने, दाखवला. सर म्हणाले, "नियम बरोबर आहे मॅडम, पण तुमच्याकडे दाखला कुठाय?"

तिथेच तर घोडं अडलंय.

बरीच हुज्जत झाली. मग आतून एक मॅडम आल्या, त्यांनी मार्ग काढला. माफीत न बसणारी जी इतर फी आहे ती आत्ता भरायची, आणि हमीपत्र लिहून द्यायचं: सहा ऑक्टोबरपर्यंत दाखला आणीन, नाहीतर सगळी फी एकरकमी भरीन, तेही जमलं नाही तर प्रवेश रद्द. तन्वीने सही केली. वि.ने केली. 

इतर फीचे पैसे माझ्या भिशीतून. नंबर माझा डिसेंबरचा होता. सगळ्या बायकांसमोर हात जोडून मागून घेतला. कुणी काही बोललं नाही, उलट दोघींनी विचारलं, पोरीला काही लागतं का. तरी घरी येऊन माझं डोकं फणफणत होतं. मागायची सवय नाही मला.

१० सप्टेंबर

आज जे केलं त्याला तोड नाही. लिहूनच ठेवते.

काल तलाठ्यांचा फोन आला. मागच्या वर्षी एवढं, यंदा एवढं खाली कसं, म्हणून घरी चौकशीला येतो, उद्या अकराला. फोन ठेवला आणि मी कामाला लागले. फरशी पुसली, सोफ्याची कव्हरं धुऊन इस्त्री केली. गणपतीत आणलेले नवे पडदे लावले. सकाळी लवकर उठून शिरा केला. साजूक तुपातला, काजू, बेदाणे, केशराच्या चार काड्यासुद्धा. काचेच्या नव्या बशा काढल्या. वि.ने लग्नकार्याचा शर्ट घातला.

साहेब आले. लिफ्ट बंद, चार मजले चढून घामाने निथळलेले. वि. म्हणाला, "अरेरे, साहेब, बसा बसा," आणि एसी लावला.

तो एसी त्याने भंगारातल्या तीन एसींचे भाग जुळवून केलाय. वर्षातून चार वेळा लावतो, लाइटबिलाला घाबरून. साहेबांनी विचारलं, "किती टनाचा?" झालं! आमच्या माणसाचा चेहरा उजळला. "दीड टन, साहेब. आवाज येतो का बघा. येतो?"

"नाही हो."

"कंपनीचा पण एवढा शांत नसतो."

मी बशी पुढे केली. "अजून थोडा घ्या ना. तुपातलाच आहे."

साहेबांनी दोनदा घेतला. कागदावर लिहीत होते. निघताना म्हणाले, "छान ठेवलंय हो घर." मी लाजले. खरंच लाजले, मूर्खासारखी!

दार लागलं. तन्वी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "आई. ते आपल्याकडे काय नाहीये ते बघायला आले होते."

"मग दारात आलेल्या माणसाला कोरडा पाठवायचा?"

आणि मग एसीचा गार झोत माझ्या मानेवर आला आणि डोक्यात उजेड पडला. वि.कडे बघितलं. त्यालाही तेव्हाच पडला असावा. रिमोट हातात धरून उभा होता.

११ सप्टेंबर

स्टेटस बदललं. फेरचौकशी.

उरलेला शिरा गोडवासुद्धा न लागता खाल्ला तिघांनी. टाकवत नाही ना.

वि.ला म्हटलं, तुम्ही एसी लावलात. तो म्हणाला, तू काजू घातलेस.  तन्वीच हसायला लागली आणि मग आम्ही पण. पण ते हसणं फार वेळ टिकलं नाही.

१८ सप्टेंबर

कॉलेज सुरू झालं. पांढरा एप्रन मी शिवला, बाजारचा घेऊ दिला नाही. आज पहिलं प्रॅक्टिकल. घरी आली ती बोलतच आली. मलम कसं करतात, काचेच्या फरशीवर कसं घोटतात, एक खडा राहिला तर सर परत करायला लावतात. जेवताना बोलली, भांडी विसळताना बोलली. एवढी बोलणारी माझी मुलगी मी दहावीनंतर बघितली नव्हती.

वि. ऐकत होता. मध्येच विचारतो, "मग घरातल्या मुंग्यांवर काही आहे का तुमच्यात?" तिने त्याला पुसायचा कपडा फेकून मारला.

 आणि हिला आता कॉलेजातून काढायची वेळ आली तर मी काय करू? गेलीच नसती तर एक वेळ चाललं असतं. आता तिने बघितलंय.

२४ सप्टेंबर

नवरात्राचे ब्लाउज. नऊ रंग, नऊ कटकटी. बरं आहे, हात गुंतलेले राहतात. वि. चांदीपला गेला होता कुणाच्या फ्रिजसाठी, स्कूटरवर सामान बांधून. दुकान हळूहळू घरी येतंय. गॅलरीत कॉम्प्रेसर, पलंगाखाली पाइपची वेटोळी.

स्टेटस तेच.

तहसीलला परत गेले. ती खिडकीतली मुलगी रजेवर. तिच्या जागी होता तो म्हणाला, "मंडळ अधिकारी मॅडम येतील." कधी? "येतील."

१ ऑक्टोबर

कॉलेजमधून मेसेज. सहा तारखेची आठवण. तन्वीने मला दाखवला नाही, मीच बघितला तिच्या फोनवर. मग तिला म्हटलं, मी बघितला. ती म्हणाली, "मी पण बघितला होता. तुला झोप लागत नाही म्हणून नाही सांगितलं." कोण कुणाची आई आहे या घरात?

बँकेत शैक्षणिक कर्जाची चौकशी केली. साहेबांनी यंदाचं रिटर्न मागितलं. वि.ने दिलं. साहेब ते परत करत म्हणाले, "याच्यावर कठीण आहे. मागच्या वर्षी आला असतात तर लगेच केलं असतं."

बाहेर येऊन वि.ने उसाचा रस पाजला मला. स्वतः घेतला नाही.

४ ऑक्टोबर

आज दुपारी न सांगता त्या आल्या. मंडळ अधिकारी मॅडम. पन्नाशीच्या, हातात छत्री.

घराची काय दशा होती! पाऊस थांबत नाही म्हणून हॉलभर दोऱ्यांवर कपडे. सोफ्यावर ब्लाउजपिसांचा ढीग. खाली वर्तमानपत्रावर वि. एक फ्रिजची मोटर उघडून बसलेला, हात काळे. हिराबाय ब्लाउज घालून आरशापुढे, बाजूला तिची सुक्या बोंबलांची टोपली, वास घमघमतोय. तन्वीचं लेक्चर नव्हतं, ती कोपऱ्यात वही घेऊन. शिरा नाही, पडदे नाहीत. पाणी दिलं, तेही स्टीलच्या भांड्यातून.

मॅडम स्टूलवरच बसल्या. तलाठ्यांचा अहवाल वाचला. वर भिंतीवरच्या एसीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "कागद मी सगळे बघितलेत. मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. सगळा खर्च वजा जाता वर्षाला हातात किती पडतात? खरं सांगा."

हिराबाय उठायला लागली. बिचारी, हुक अर्धे लागलेले, जाणार कुठे?

वि.ने हात फडक्याला पुसले. परत पुसले. मॅडमकडे बघितलं नाही, तन्वीकडे बघितलं. आणि आकडा सांगितला.

तो मी इथे लिहीत नाही.

 हिराबायने तोंड फिरवून टोपलीतले बोंबील उगाच वरखाली केले. तन्वीची वही मिटली. मॅडमनी पेन उघडलं आणि लिहिलं. वि.ची सही घेतली, कागदावर काळा अंगठा उमटला. म्हणाल्या, "वर पाठवते. पुढचं माझ्या हातात नाही."

मी म्हटलं, "मॅडम, सहा तारीख शेवटची आहे हो पोरीची."

"ऐकलंय मी," म्हणाल्या आणि छत्री घेऊन गेल्या. रागाने नाही बोलल्या. पण हो पण नाही म्हणाल्या.

तन्वी उठली, बाबांसाठी चहा ठेवला. न विचारता, आल्याचा. त्याच्या शेजारी वर्तमानपत्रावरच बसली आणि म्हणाली, "बाबा, ही मोटर कशाची?" तो सांगायला लागला. ती ऐकत बसली, अगदी शेवटपर्यंत.

मी मशीनवर. पाय चालत होते, डोक्यात आकडेमोड. वि. मला दर महिन्याला घरखर्चाचं पाकीट देतो. उन्हाळा असो, पावसाळा असो, जाडी तीच. वर्षाच्या पाकिटांत फ्लॅटचा हप्ता मिळवला तर बेरीज त्या आकड्याच्या कितीतरी पुढे जाते. मग जून, जुलै, ऑगस्टची पाकिटं कुठून येत होती? कुणाकडून? आणि मी त्यातूनच पडदे आणले.

संध्याकाळी त्याला फोन आला, अर्नाळ्याला कुणाचा डीप फ्रीजर बंद पडलाय, मासळी आहे आत. हिराबायनेच नंबर दिला असणार. तो निघाला. हेल्मेट घातलं, दारात थांबला.

"खूपच कमी आहे ना गं?"

नाही म्हणता आलं असतं. किती सोपं होतं. पण आता खोट्याचा कंटाळा आला मला.

"हो," म्हटलं. "आणि यापुढे पाकिटात जेवढे असतील तेवढेच घाला. नसले तर रिकामं द्या. मी बघते."

 हेल्मेटची काच खाली होती, चेहरा दिसला नाही. तो जिना उतरून गेला.

आत तन्वी सोमवारच्या कॉलेजची तयारी करतेय. एप्रनला इस्त्री चाललीय तिची. आत्ता परत स्टेटस बघितलं. फेरचौकशी गेली, परत प्रलंबित. परवा सहा तारीख.